दुसऱ्याने लावलेली फीत

दोनदाचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. उठला की दाढी, मग बूट. बुटांच्या नाड्या बांधायच्या, सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. आम्ही लिफ्टचे मिस्त्री. दोनदा हे नाव त्याला मीच दिलं, कारण प्रत्येक बोल्ट तो दोनदा आवळून बघायचा. कोणी हसलं की म्हणायचा, "एकदा कंपनीसाठी, एकदा बायकोसाठी."

आमचं काम जोडीचं. एक जण लिफ्टच्या छतावर उभा, दुसरा सगळ्यात वर मशीनरूममध्ये, हाताने लिफ्ट चालवायला. मधे अंधारा शाफ्ट. छतावरचा हाक देतो, "खाली." मशीनरूममधला तोच शब्द परत देतो, "खाली." मग बटण. हाक आली नाही तर लिफ्ट हलत नाही.

दुसरा नियम पाटीचा. ज्याने मेन स्विच बंद केला त्याने आपल्या नंबराची पाटी त्यावर अडकवायची आणि काम संपल्यावर त्यानेच काढायची. दुसऱ्याने लावलेल्या पाटीला हात लावायचा नाही. पाटी हलवली आणि खाली कोणी असेल, तर गेला तो. हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि ते हाडात बसतं.

त्या दिवशी दोनदा छतावर होता, मी वर. जुनी कचेरीची इमारत, साफसफाईचं काम. लिफ्ट खाली निघाली की समोरून लोखंडी वजन वर येतं. शाफ्टच्या मध्यावर दोघं एकमेकांजवळून जातात, अंगाला अंग घासून म्हणावं इतक्या जवळून. दोनदाने जेवणाचा डबा छतावर ठेवला होता. हादऱ्याने तो कडेला घसरला. दोनदाने तो धरायला हात घातला आणि खालून वजन आलं.

मला हाक ऐकू आली नाही. पत्रा चिरडल्याचा आवाज आला. मी लिफ्ट थांबवली आणि ओरडलो, "ए! बोल!" उत्तर नाही. मी शिडीने खाली उतरलो तेव्हा छतावर काहीच हालचाल दिसत नव्हती.

तो उभा होता. हात शाबूत होता. डबा चपटा होऊन रुळाला चिकटला होता. दोनदा त्या डब्याकडे बघत होता, तोंड उघडं.

"लागलं?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाला, "मी 'थांब' म्हणत होतो. आवाजच आला नाही रे."

त्याची भीती ती होती. वजनाची नाही, उंचीची नाही. पुन्हा वेळ आली तर तोंड उघडेल आणि आवाज येणार नाही, याची.

फोरमन माणूस वाईट नव्हता. त्याने आमची अदलाबदल केली. दोनदाला म्हणाला, "महिनाभर तू मशीनरूममध्ये, हा छतावर. महिना संपला की पुन्हा छतावर चढायचं. नाही जमलं तर गोदामात जा, नटबोल्ट मोज. पगार गोदामाचा." दोनदाची मुलगी नर्सिंगला होती. गोदामाच्या पगारात तिचं शिक्षण बसत नव्हतं.

आता मी छतावर आणि माझा जीव त्याच्या हातात. मी हाक द्यायचो, "वर." उत्तर यायला उशीर लागायचा. आलं तरी कुजबुजल्यासारखं. मी पुन्हा हाक द्यायचो. अंधारात उभं राहून त्या उत्तराची वाट बघायचो. हे फोरमनला सांगावं असं रोज वाटायचं. रोज संध्याकाळपर्यंत थांबू म्हणायचो.

घरीही तो गप्प झाला होता. एकदा त्याच्या घरी गेलो तर वहिनी म्हणाली, "भावोजी, घरात भांडी तरी वाजतात, हे वाजत नाहीत. जिभेला गंज चढलाय."

"बोलायला काही असावं लागतं," दोनदा म्हणाला.

"मग देवाशी बोला. त्याला तरी नवीन बातमी लागत नाही."

दोनदा कॅथलिक. रविवारचा चर्चमधला मिस्सा चुकवायचा नाही, पण रोजची प्रार्थना म्हणजे मनातल्या मनात दोन शब्द. वहिनीचं म्हणणं असं, की पुस्तक घ्या आणि मोठ्याने वाचा. चर्चची रोजची प्रार्थना असते, पहाटेची, संध्याकाळची, झोपण्याआधीची. फादर आणि सिस्टर लोक जगभर तीच म्हणतात. तेवढ्याने आवाज तरी मोकळा होईल.

चर्चच्या मागे पुस्तकांचं छोटं दुकान आहे. तिथे एक म्हाताऱ्या सिस्टर बसतात. दोनदाने तिथे जाऊन हत्यार निवडावं तसं पुस्तक निवडलं, हे मला नंतर कळलं. सिस्टरांनी तीन प्रकार पुढे ठेवले. एक चार खंडांचं, सगळ्या वर्षाचं, सगळ्या प्रहरांचं. तो म्हणाला, हे उचलायला हमाल लागेल. दुसरं महिन्याचं पातळ पुस्तक, प्रत्येक दिवसाचं सगळं ओळीने छापलेलं, पानं शोधायला नकोत. त्याने ते उघडून पाठ वाकवली. गोंदाने चिकटवलेलं होतं. "दोन महिन्यांत पानं हातात येतील," म्हणाला आणि परत ठेवलं. सिस्टर म्हणाल्या, "ते एक महिनाच वापरायचं असतं." तरी नाही. तिसरं एका खंडाचं, सकाळ-संध्याकाळ-रात्र एवढंच. त्याची नवी प्रत महाग होती, पण फळीवर एक जुनी होती. दोऱ्याने शिवलेली, कातडी कव्हर, कामाच्या डांगरीच्या खिशात बसणारी. आत रंगीत फिती होत्या, खुणेसाठी. बहुतेक मागे सुट्ट्या लोंबत होत्या, एक काळी तेवढी पानांत होती.

"फितींचं सांगते," सिस्टर म्हणाल्या. "हे पुस्तक सरळ वाचायचं नसतं—"

"मला वाचता येतं, सिस्टर," दोनदा म्हणाला आणि निघाला.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे बूट घालून झाल्यावर काळी फीत होती तिथे पुस्तक उघडायचा आणि मोठ्याने वाचायचा. मला वाटलं, आता सुधारेल.

तो बिघडला.

मशीनरूममध्ये तो दोन्ही हातांनी बटणांच्या पेटीला धरून उभा राहायचा. एकदा जेवताना म्हणाला, "देव मला रोज एकच सांगतोय."

"काय?"

"तयार राहा."

मी म्हटलं, "देव तुला सांगतोय की फोरमन?"

तो हसला नाही. पुस्तकात रोज काय येतं ते त्याने सांगितलं. थडगं. संपलेले दिवस. खोल खड्ड्यातून मारलेली हाक. "आपण दुसरं काय करतो?" तो म्हणाला. "खड्ड्यातूनच हाक मारतो. रोज तेच येतं, एक शब्द बदलत नाही."

माझ्याही अंगावर काटा आला. मी काही देवभोळा नाही. चर्चमध्ये मी लग्नाला आणि मयताला जाणारा माणूस. पण मीच त्या खड्ड्यात उभा असायचो.

मग वहिनीने मला गाठलं. तिचा चेहरा उतरला होता. "भावोजी, यांनी काल मला पाण्याचा मुख्य नळ कुठे बंद करायचा ते दाखवलं. फ्यूज बदलायला शिकवलं. काळे बूट पॉलिश करून कपाटात ठेवलेत. यांना कुठे जायचंय का?"

माझी पाचावर धारण बसली. महिना संपायला आठवडा राहिला होता. असा माणूस छतावर चढला तर परत उतरणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं. फोरमनकडे जायला निघालो होतो. वाटेत विचार बदलला. आधी ते पुस्तक बघू म्हटलं.

दोनदा पुस्तक द्यायला तयार नव्हता. मी त्यालाच धरून सिस्टरांच्या दुकानात नेलं. "सिस्टर," मी म्हटलं, "याला असलं कसलं पुस्तक दिलंत? माणूस जिवंतपणी मयताचे बूट काढून ठेवायला लागला."

सिस्टरांनी चष्मा वर केला. "रोज कुठलं पान वाचता?"

दोनदाने काळी फीत धरून पुस्तक उघडलं. सिस्टरांनी बघितलं, मग दोनदाकडे बघितलं.

"अहो, ही मृतांसाठीची प्रार्थना आहे. कोणी गेलं की म्हणायची. दोन आठवडे तुम्ही रोज स्वतःचं मर्तिक करताय?"

दोनदाचं बोट फितीवरच होतं.

"आणि तरी कामावर जाता?"

"वेळेवर जातो," मी म्हटलं.

सिस्टर हसल्या. मलाही हसू फुटलं. दोनदा मात्र पांढरा पडला होता. "फीत तिथे होती," तो म्हणाला.

"मग हलवायची!"

"दुसऱ्याने लावलेली होती."

सिस्टरांना कळेना. मला कळलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. मी त्यांना पाटीचा नियम सांगितला. ज्याची पाटी, त्यानेच काढायची. वीस वर्षं ज्याने कोणाच्या पाटीला बोट लावलं नाही, तो कोणाची फीत कशी हलवेल? बाकीच्या फिती सुट्ट्या होत्या, एकच लावलेली होती. म्हणजे काम तिथे चालू होतं.

सिस्टर गंभीर झाल्या. खुर्ची ओढून त्यांनी दोनदाला बसवलं.

"ज्याची फीत होती तो कुठे आहे?" दोनदाने विचारलं.

"एक घड्याळजी होते. बायको गेल्यापासून तिच्यासाठी रोज हीच प्रार्थना म्हणायचे. मागच्या वर्षी तेही गेले. मुलीने पुस्तक इथे आणून दिलं."

"म्हणजे त्यांचं काम झालं."

"झालं. माणूसच राहिला नाही तर तुमच्यात पाटी कोण काढतं?"

"फोरमन. दोन साक्षीदार उभे करून."

"मग मी फोरमन," सिस्टर म्हणाल्या. "उभे राहा दोघं."

आम्ही उभे राहिलो. मला थोडं लाजल्यासारखं झालं, पण दोनदाने टोपी काढली म्हणून मीही काढली. सिस्टरांनी घड्याळजींचं आणि त्यांच्या बायकोचं नाव घेऊन काही पुटपुटलं, काळी फीत दोन बोटांनी उचलली आणि पानांतून बाहेर काढली. दोनदाने क्रूसाची खूण केली. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता.

मग सिस्टरांनी पुस्तकाचा पुढचा भाग उघडला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. दिवस इथून सुरू होतो. पहिली ओळ वाचा."

दोनदाने वाचली. मनातल्या मनात वाचली, ओठ हलताना दिसले. पुन्हा वाचली. त्याने डोळे चोळले, मला वाटलं काही गेलं असावं. त्याने पुस्तक माझ्याकडे केलं. देवाकडे मागणं होतं, दिवसाचं पहिलं मागणं, की माझे ओठ तू उघड.

"हे पान दोन आठवडे माझ्या खिशात होतं," तो म्हणाला.

सिस्टरांनी बाकीच्या फिती एकेक करून लावून दिल्या, कुठली कशासाठी ते सांगत. या वेळी त्याने मधे तोंड घातलं नाही. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. स्तोत्रं दोन बाजूंनी म्हणतात, हेही सांगितलं. एक बाजू एक कडवं म्हणते, दुसरी बाजू पुढचं. पहिलीचं पुरतं संपल्याशिवाय दुसरीने सुरू करायचं नाही. "मठात नव्या मुलींना हेच जड जातं," सिस्टर म्हणाल्या. "थांबणं."

दोनदाने माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नकोस," मी म्हटलं. "मला यातलं काही येत नाही."

"उत्तर द्यायला येतं ना?"

त्या आठवड्यात आम्ही मशीनरूममध्ये काम सुरू करायच्या आधी एकाच पुस्तकात डोकं घालून वाचलं. एक कडवं त्याचं, एक माझं. त्याच्या हाताला ग्रीस, माझ्या डोळ्यांना चष्मा लागत नाही असा माझा हट्ट. मी ओळी चुकवायचो. तो थांबायचा, मी नीट म्हणेपर्यंत पुढे जायचा नाही. आवाज त्याचा अजून चिरकायचा. भीती गेली नव्हती. त्याची नाही, माझीही नाही.

महिना संपला. फोरमन स्वतः आला होता. दोनदा लिफ्टच्या छतावर चढला, पट्टा अडकवला, काढला, पुन्हा अडकवला. मी वर मशीनरूममध्ये, बटणाशेजारी.

हाक आली नाही.

मी थांबलो. खाली काळोख होता आणि दोरांवरचं तेल टपकत होतं. फोरमनने माझ्या मागून विचारलं, "काय झालं?" मी हात वर करून त्याला गप्प केलं. हाक आल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. माझ्या मानेवरून घाम उतरत होता. त्याने एक शब्द जरी दिला नाही, तर मी वर्षभर इथे असाच उभा राहीन, असं त्या वेळी वाटलं होतं.

"खाली," आवाज आला. लहान, पण आला.

"खाली," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

लिफ्ट निघाली. वजन खालून वर यायला लागलं. शाफ्टच्या मध्यावर, दोघं जवळ यायच्या थोडं आधी, हाक आली.

"थांब!"

मी थांबवली. "थांब! काय झालं?"

"काही नाही," तो खालून म्हणाला. "येतो का बघितलं."

फोरमनने शिवी दिली. मी दिली नाही. मला माहीत होतं तो आणखी काय करणार. लिफ्ट हातभर सरकली आणि पुन्हा हाक आली, आता शाफ्ट भरून, वर मशीनरूमपर्यंत घुमेल अशी, "थांब!"

मी थांबवलं, आणि शब्द परत दिला.

मग वजन त्याच्या जवळून गेलं. तो खाली पोचला.

पुढची कित्येक वर्षं तो छतावर चढला. घाबरत चढला. रिटायर झाला त्या दिवशीही पट्टा दोनदा तपासला. मुलगी नर्स झाली, ती त्याच्या पगारावर. पण छतावर परत गेल्यावरचा जो पहिला पगार हातात आला, तो घेऊन तो त्याच संध्याकाळी सिस्टरांच्या दुकानात गेला आणि त्याने तीच आवृत्ती नवी कोरी घेतली, पानाला पान जुळेल अशी. जुनं घड्याळजींचं स्वतःजवळ ठेवलं. नवं माझ्या हातात दिलं. फिती त्याने आधीच लावल्या होत्या.