येन्सचं गॅरेज

काल गुडघ्याला लावायला एरंडेल तेल गरम करताना ते जरा जळलं, आणि त्या वासाने मला ऑस्ट्रेलियातल्या डँडेनॉन्गमधलं येन्सचं गॅरेज आठवलं.

तिथे युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकत असताना मी त्याच्याकडे भाड्याने राहायचो. येन्स मूळचा डेन्मार्कचा. तरुणपणी तो इंग्लंडच्या लीगमध्ये स्पीडवेच्या शर्यतींत उतरायचा. मातीचा गोल ट्रॅक, ब्रेक नसलेल्या मोटरसायकली आणि इंजिनात एरंडेलाचं ऑइल. एका शर्यतीत त्याचं उजवं मनगट चिरडलं आणि सगळं तिथेच संपलं.

एका दुपारी त्याची ती जुनी शर्यतीची बाईक घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं. येन्सला ती एकदा ऐकायची होती, पण मनगट साथ देईना.

“मेट, रेस तू दे,” तो म्हणाला.

मी दिली. पत्रे थरथरले, धुराने डोळे चुरचुरले. येन्स डोळे मिटून हळूहळू डावीकडे झुकला, वळणावर झुकावं तसा.

गिऱ्हाइकाची युट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, बाईक घेऊन गेली. मी शटर उघडंच ठेवलं होतं.

“खाली ओढ,” तो म्हणाला. “नाहीतर वास निघून जाईल.”

तेव्हा मला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटला होता. आता मी त्याच्या वयाचा आहे. मीही तेच म्हणालो असतो.