बिनचेहऱ्याच्या तिघी

व्हर्लीन हॉस्टेटरला नाण्यांचं काडीचंही वेड नव्हतं, आणि हे ती येताजाता सगळ्यांना ऐकवायची. वेड होतं ते तिच्या नवऱ्याला, डेल्मरला. टायरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक गळ घेऊन तळ्यावर गेले, आणि हा बाबा पांढरे सुती हातमोजे चढवून जेवणाच्या टेबलाशी बसला. नाणं धरायचं ते कडेनंच, आणि बोलायचं ते तोंड फिरवून. न जाणो, थुंकी उडाली तर! व्हर्लीननं उभा जन्म शाळेची बस चालवलेली, आवाज असा की मागच्या बाकावरचं पोर दचकून सरळ बसावं. तिच्यावर स्वतःच्या घरात कुजबुजायची पाळी आली.

पण सरकारी टांकसाळीनं राष्ट्राध्यक्षांच्या बायकांची सोन्याची नाणी काढली आणि बाई पाघळली.

"अरे, ही डॉली मॅडिसन बघ! शत्रू दारात आलाय आणि ही भिंतीवरची तसबीर वाचवतेय. हिचा नवरा कुठं उलथलाय?"

"अर्धा औंस, चोख सोनं," डेल्मर म्हणायचा. "आणि श्वास तिकडे सोड."

ऐकतेय कुठली! वाचनालयातून तिनं एकेकीचं चरित्र आणलं. शेजारणीच्या भानगडी सांगाव्यात तशी ती अबिगेल ॲडम्सबद्दल बोलू लागली.

आमच्या लिंडेन फोर्कच्या नाणे मंडळाचं प्रदर्शन दर वसंतात अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये भरतं. पहिल्या क्रमांकाची निळी फीत नेतो वेंडेल क्राउसे, तिकिटाऐवजी चालणाऱ्या ट्रामच्या जुन्या बिल्ल्यांवर. फीत न्यायची आणि मग वर्षभर न्हाव्याच्या दुकानात डेल्मरला डिवचायचं, हा त्याचा धंदा. त्या वर्षी डेल्मरनं चंग बांधला. पहिल्या आठ राष्ट्राध्यक्षांच्या वाट्याची आठ नाणी मखमलीवर मांडायची, आणि प्रत्येकाखाली माहितीची चिठ्ठी. चिठ्ठ्या व्हर्लीननं लिहायच्या, कारण डेल्मरचं लिखाण वजनाच्या पुढे जात नाही.

तिनं आठाच्या जागी अकरा लिहिल्या आणि तिथेच ठिणगी पडली.

त्याचं असं, की त्या आठातले तीन राष्ट्राध्यक्ष विधुर. खुर्चीवर बसले तेव्हा त्यांच्या बायका हयात नव्हत्या, म्हणून त्या तीन नाण्यांवर बायकोऐवजी स्वातंत्र्यदेवीचा चेहरा. हे व्हर्लीनला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. त्या तिघींच्या नावानं तिनं तीन जादा चिठ्ठ्या लिहून टाकल्या.

"नियम आहे, व्हर्लीन," डेल्मर म्हणाला. "नाण्यावर जे आहे तेवढंच चिठ्ठीत. परीक्षक गुण कापतात."

"कापू देत. या मार्था जेफरसननं बाळंतपणामागून बाळंतपणं काढली, त्यातच खंगून गेली बिचारी. पुढे नवरा मोठा झाला, आणि हिच्या जागी कोण? तर कुणाच्याच घरची नसलेली देवी!"

"अगं, दोनशे वर्षांपूर्वी गेलेली बाई ती. तुझी कोण लागते?"

व्हर्लीननं पेन खाली ठेवलं.

"माझी नसेल लागत. पण नोरा तुझी लागत होती ना?"

नोरा म्हणजे डेल्मरची पहिली बायको. कारखान्यातली नोकरी लागायच्या आधी, भाड्याच्या एका खोलीत, न्यूमोनियानं गेली. गावात जुन्या लोकांना ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं.

"तुझ्या फाटक्या दिवसांत तुझा डबा तिनं भरला," व्हर्लीन म्हणाली. कुजबुजणं कधीच संपलं होतं. "मी आले ती पगार सुरू झाल्यावर. घर मला, पेन्शन मला, फ्लोरिडाच्या सहली मला. आणि तिचं नाव या घरात तुझ्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. मला लाज वाटते रे त्याची!"

डेल्मरनं हातमोजे काढले आणि तो गॅरेजमध्ये निघून गेला. चिठ्ठ्यांचा विषय मग दोघांनीही काढला नाही. प्रदर्शनाच्या दिवशी मांडणी करायला तो सकाळी एकटाच गेला. व्हर्लीन दुपारी हॉलवर पोहोचली. टेबलापाशी जाऊन बघते तर अकराच्या अकरा चिठ्ठ्या जागच्या जागी, पट्टी लावून सरळ डकवलेल्या.  कॉफी आणायच्या निमित्तानं ती हॉलमागच्या स्वयंपाकघरात गेली आणि नाक शिंकरून आली.

परीक्षक बाहेरगावचे होते, नियमाला पक्के. नाण्यावर नसलेल्या व्यक्तींचा मजकूर, असा शेरा मारून त्यांनी गुण कापले. निळी फीत वेंडेलला मिळाली, डेल्मर दुसरा आला.

"गाढवा," वेंडेल हळहळून म्हणाला. मनातून तोही चुकचुकला होता. "तेवढ्या तीन चिठ्ठ्या उचलल्या असत्यास तर पहिला तूच होतास!"

"ठाऊक होतं मला."

"मग?"

"मग काय? असू देत की त्या तिथे."

परतताना गाडी व्हर्लीन चालवत होती. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यायची तिला सवयच नाही. डेल्मर खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "नोराच्या बटाट्याच्या सॅलडमध्ये मोहरी फार असायची."

व्हर्लीननं रस्त्यावरची नजर हलवली नाही. तिला हेवा वाटला. ज्या नावासाठी भांडली तेच ऐकून हेवा वाटला.

"आवडायचं तुला?"

"फार."

"मेल्या, मग इतकी वर्षं माझं मिळमिळीत सॅलड कसं गिळलंस?"

"तू तिच्या जागी आलीस असं तुला वाटू नये म्हणून," डेल्मर म्हणाला.

व्हर्लीननं गाडीचा वेग कमी केला.

"आणखी काय करायची ती?" तिनं विचारलं.

डेल्मर सांगू लागला. घराकडचं वळण आलं, पण व्हर्लीननं गाडी सरळच पुढे काढली.