बाईंच्या ओव्या आणि अकरा नंबरची विंडोज

निवृत्त माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात: औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या भंगारवाला तरी नेतो. किस्से कुणी नेत नाही, म्हणून सांगत बसावं लागतं.

आम्ही चौघे अंबरनाथच्या एकाच ऑफिसातून निवृत्त झालेले. हेडक्लार्क जोशी, स्टोअरचे पाटील, टायपिस्ट कांबळेबाई आणि मी. कात्रपला आमच्या सोसायटीच्या खोलीत चौघांत मिळून एक जुना कॉम्प्युटर होता, विंडोज सेव्हनवाला. एके दिवशी त्यावर काहीच उघडेना. नवीन विंडोज घ्यायचं ठरलं. पण कोणती?

जोशींना प्रश्नच पडला नाही. म्हणाले, "सेव्हन आधी आली, टेन नंतर, इलेव्हन तर कालची. सेवाज्येष्ठता सेव्हनची. ज्युनियरला डोक्यावर बसवायचं कारण काय?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. चेहरा पाहिला. करत नव्हते!

*

पाटील राहतात मांजर्लीत, नदीच्या अंगाला. त्यांच्या घरी अजून एक्सपी आहे, सेव्हनच्याही आधीची.

"नव्या व्हर्जनांत दम नाही," ते म्हणाले. "माझ्या एक्सपीने दोन पूर बघितलेत!"

"पाटील, पूर कॉम्प्युटरच्या डब्याने बघितला. एक्सपी आतली वस्तू आहे," मी म्हटलं.

"मग आतलीच वाचली ना?"

पाटीलवहिनी चहा ठेवत म्हणाल्या, "वाचणारच! पाणी चढलं तेव्हा हे आधी एक्सपीला वरच्या मजल्यावर ठेवून आले. मग मला न्यायला खाली आले."

पाटलांनी नाकारलं नाही. आम्ही चहा न फुंकताच प्यायलो.

*

गेलो उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये. दुकानदार सिंधी शेठ, गोड माणूस.

"साईं, इलेव्हन ले लो. ग्यारह शगुन का नंबर है!"

"होम की प्रो?" जोशींनी विचारलं.

"होम घर जैसा चलेगा, प्रो ऑफिस जैसा."

जोशी दचकले. "ऑफिससारखं? म्हणजे चालणारच नाही!"

छत्तीस वर्षं त्या ऑफिसची शिस्त सांभाळलेला हा माणूस!

शेठने मग खरं ते सांगितलं. आमच्या म्हाताऱ्या डब्यावर इलेव्हन चढणार नाही. टेन चढेल, पण तिचाही टाइम भरत आलाय. त्यापेक्षा जुना डबा एक्सचेंजमध्ये द्या आणि इलेव्हन घातलेला दुसरा न्या. "डाटा पूरा डाल के दूँगा."

*

अडचण होती ती कांबळेबाईंची. त्या डब्यात 'आई' नावाचा फोल्डर होता. बाईंची आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची आणि बाई शेजारी बसून टाइप करायच्या, आमच्या ऑफिसातल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. आई गेली. ओव्या राहिल्या त्या तिथेच. बाईंना त्यांचं पुस्तक करायचं होतं.

"डबा कुठेही जाणार नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या आईला धक्का लागला तर एकेकाला बघून घेईन."

जोशींनी रीतसर सभा घेतली. तिघं बाजूने, बाई विरोधात. निर्णय त्यांनी उभं राहून वाचला: "बाईंचा विरोध आदरपूर्वक नोंदवून ठराव एकमताने मंजूर!"

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जोशी उभे होते ते बसले.

*

नवा डबा आला. बाई यायच्या आधी आम्ही 'आई' उघडली. फाइली सगळ्या होत्या. उघडल्या, तर मराठीचं एक अक्षर नाही! नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखं, पानामागून पान.

जोशींनी शेठला फोन लावला.

"ऐसा फॉन्ट मैंने देखा ही नहीं, साईं."

"मग जुन्या डब्यातून काढा!"

"वो तो सुबह ही साफ कर दिया. गिऱ्हाईक आया था."

जोशींचा हात कानाशी तसाच राहिला. फोन कधीच कट झाला होता.

"बाईंना सांगू, लाइट गेलीये," पाटील पुटपुटले. डोक्यावर पंखा गरगरत होता.

*

तेवढ्यात बाई आल्याच. आमची तोंडं पाहिली, स्क्रीन पाहिला. खुर्ची ओढून बसल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. आता बरसणार, म्हणून मी दाराच्या बाजूला सरकलो.

बाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, कीबोर्ड सोडून, नुसत्या लाकडावर. डोळे त्या मांजराच्या पावलांवर. बोटं हलायला लागली. आधी हळू, मग ऑफिसात चालायची तशी. आणि बाई चक्क गायला लागल्या!

"सुपातला जोंधळा, मी दळीते एकली,
नका हाक मारू तिला, लेक शाळंला धाडली..."

पाटलांचा आ वासलेला. मी स्क्रीनकडे बघतो, बोटांकडे बघतो, पुन्हा स्क्रीनकडे: तिथे जे इंग्रजी अक्षर, त्याच बटणाच्या जागी बाईंचं बोट. पान संपलं. बाईंनी पुढचं उघडलं, आणि मान न वळवता म्हणाल्या, "जोशी, पेन आहे ना? का तेही एक्सचेंजमध्ये दिलंत?"