डावं मागचं चाक

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. पाळकांपाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. प्रार्थनेतसुद्धा या गोष्टीजवळ आले की मी वळसा घालते आणि पुढच्या विनंतीकडे जाते. तुम्हाला का सांगते आहे, तेही मला नीट कळत नाही.

मी नगरच्या एका मिशन दवाखान्यात मेट्रन आहे. मला याद्या करायची सवय आहे. सकाळी उठले की आधी यादी — चादरी, रॉकेल, उकळायची हत्यारं, कोणाची पाळी, कोणाची रजा. काम झालं की त्यावर रेघ. मेट्रनबाईंच्या यादीतून काही सुटत नाही, असं लोक म्हणतात. खरं आहे ते. ही गोष्टही सुटली नव्हती. मी ती यादीत व्यवस्थित बसवली होती — तेच तर सांगायचं आहे.

लढाईच्या दिवसांत छावणीतला एक गोरा अधिकारी बदलून गेला आणि जाताना आपली मोटार दवाखान्याला देऊन गेला. आठ सिलिंडरची, लांब नाकाची, शर्यतीत पळवावी अशी गाडी. आम्ही तिची मागची बैठक काढून तिथे स्ट्रेचर बसवलं. पाथर्डी, मिरी, कर्जत — जिकडून अडलेल्या बाळंतिणीचा निरोप येई तिकडे ती जाई. इंजिनात बळ इतकं की जरा जास्त जोर दिला की मागची चाकं जागच्या जागी फिरून खडी उडवत. आणि टायर तर तेव्हा परमिटवर. जुना झिजला हे कचेरीत दाखवावं, अर्ज करावा, वाट पाहावी.

गाडीवर दावीदमामा होते. वय पंचावन्नच्या आसपास, मूळचे पाथर्डीकडचे. दवाखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणत. रोज सकाळी ते चारही टायरांवरून तळवा फिरवत, मी रोग्याच्या कपाळावर ठेवते तसा. हवा किती आहे ते त्यांना हातानेच कळे. करंजीच्या घाटातून त्यांनी किती बायका आणल्या असतील! स्ट्रेचरवरच्या बाईला धक्का लागू नये म्हणून खड्ड्याखड्ड्याला ते स्वतःच तोंडाने ‘आई गं’ म्हणत. मागची बाई हसायची. कळा येत असतानाही हसायची.

मी त्यांच्या मागे लागले, मला गाडी शिकवा. का? असंच. मला सगळं यायला हवं असे, म्हणून. पाथर्डीहून रिकामे परत येताना सपाट रस्त्यावर ते मला स्टिअरिंगच्या चाकापाशी बसवत. “बाई, ही घोडी लई ताकदीची हाय,” ते म्हणत. “टाच मारायची न्हाई. नुसता पाय ठेवायचा.” मग माझ्याकडे बघून, “तुमी वार्डात पोरींवर वरडता तसं हितं चालायचं न्हाई.”

हे दवाखान्याच्या कमिटीला माहीत नव्हतं. माहीत झालं असतं तर चाललं नसतं, कारण ड्रायव्हरशिवाय कोणीही गाडी चालवू नये, अशी पाटी शेडमध्ये लावलेली होती. कंपाउंडरने एकदा गाडी बाजारात नेली, तेव्हा लावलेली. अक्षर माझंच.

आता त्या दुपारपाशी यायला हवं.

मामा भाचीच्या लग्नाला कर्जतला गेले होते, दोन दिवस. कुठून निरोप आला नव्हता. कोणी अडलेलं नव्हतं. निकड कसलीही नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते. मला फक्त एकटीने गाडी चालवून बघायची होती. मी किल्ली घेतली आणि भिंगारच्या पुढे गेले. छान चालवली. मग वळायचं म्हणून ओढ्यावरच्या एका मोरीवर मागे घेतली आणि पाय — पाय ठेवला नाही, दाबला. गाडी मागे उसळली. डावं मागचं चाक मोरीच्या कडेवरून सुटलं आणि खालच्या दगडावर आपटलं. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे.

इंजिनाच्या जोरावर चाक पुन्हा वर आलं. मी उतरून पाहिलं. टायर शाबूत, पत्रा शाबूत. परत आणून शेडमध्ये लावली, चाकांची माती पुसली, हात धुतले. दुसऱ्या दिवशी मामा लग्नातले लाडू घेऊन आले. मी लाडू खाल्ला. गाडीबद्दल काही बोलले नाही.

महिन्याभरात ते माझ्याकडे आले. “बाई, डावं मागचं आतल्या अंगानं खातंय. हवा बराबर हाय. वळणाला मी हळूच घेतो. मंग ह्ये असं का?”

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंच असावं. मी म्हटलं, “घाटात जरा जपून घेत जा.”

त्यांनी जपलं. इतकं जपलं, की बैलगाड्या पुढे जाऊ लागल्या आणि गाडीवान त्यांना हसू लागले. तरीही तो टायर आतून गुळगुळीत झाला, कापड दिसू लागलं. बाहेरून पाहावं तर नक्षी नवी. दुसरा टायर आला, त्याचंही तेच झालं. तिसऱ्यासाठी अर्ज केला तेव्हा कचेरीने विचारलं, तुमच्या दवाखान्यात टायर खातात का? अर्ज अडकला. गाडी अकरा दिवस शेडमध्ये उभी राहिली.

त्या अकरा दिवसांत मिरीहून एका बाळंतिणीला बैलगाडीतून आणलं. पहिलटकरीण होती. दारात उतरवून घेतली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मूलही गेलं. तिचा नवरा गाडीच्या शेडकडे बघत उभा होता. शेडमध्ये गाडी होती ना. दिसत होती.

कमिटी बसली. एका मोटारमिस्त्रीचं पत्र आणलं होतं. मोठ्या इंजिनाची गाडी वेगात वळवली की मागचे टायर असेच जातात, असं त्यात लिहिलेलं. खजिनदार म्हणाले, “म्हाताऱ्याच्या पायाखाली आठ सिलिंडर आले की तोही पोरगा होतो.” सगळे हसले. मामा दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांना विचारलं, गाडी तुमच्याशिवाय दुसरं कोणी चालवतं का?

मी टेबलाच्या टोकाला सभेचं टिपण लिहीत बसले होते. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“न्हाई साहेब,” ते म्हणाले. “मीच.”

मला वाचवायला म्हणाले. मला गाडी शिकवल्याचं बाहेर पडलं तर मेट्रनबाईंना बोल लागेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. मोरीचं त्यांना कुठे ठाऊक होतं? आणि मी ‘मीच’ हा त्यांचा शब्द सुवाच्य अक्षरात टिपणात उतरवला.

त्यांना गाडीवरून काढून फाटकावर बसवलं. नवा ड्रायव्हर आला. तिसरा टायरही आला. मी आठवड्याने गुपचूप पाहिलं — आतल्या कडेला झीज सुरू झाली होती. तेव्हा नव्या वॉर्डाचं बांधकाम चालू होतं. गवंडी जेवायला गेले असताना मी भिंतीची सरळी बघायचा त्यांचा ओळंबा आणला आणि डाव्या चाकाशी दोरा सोडला. चाक वरच्या बाजूने आत झुकलेलं होतं. अर्धं बोट. मोरीवर मागच्या दोन चाकांना जोडणारा अॅक्सल वाकला होता, आणि वाकलेल्या अॅक्सलवर गाडी कोणीही चालवली, कितीही हळू चालवली, तरी टायर आतून जाणारच होता.

आता माझ्याकडे मोजमाप होतं. कमिटीकडे जायला वीस पावलं चालावं लागलं असतं. मी काय केलं? मी यादी केली. ‘दर पंधरा दिवसांनी मागचे टायर अदलाबदल करणे, दर दुसऱ्या खेपेला आतली कड बाहेर येईल असे उलटे बसवणे.’ नव्या ड्रायव्हरने ते नेमाने केलं. त्यामुळे झीज दोन्ही टायरांच्या चारही कडांवर वाटली गेली. टायर लवकर जात, पण सारखे जात. बघणाऱ्याला काही दिसत नसे. कमिटी म्हणाली, बघा, ड्रायव्हर बदलला आणि फरक पडला.

पावसाळा सरला तेव्हा मामा शेडमध्ये आले. मी तिथेच होते. त्यांनी विचारलं, “बाई, खरं सांगा. नव्या मानसाकडं बी डावं आतून जातंय का?”

त्या एका प्रश्नासाठी ते चार महिने फाटकावर बसून राहिले होते, असं मला वाटतं. मी ‘हो’ म्हटलं असतं तर? एकच अक्षर. नोकरीचं जाऊ द्या — ते शांत झोपले असते.

“नाही मामा,” मी म्हटलं.

ते वाकले. डाव्या टायरवर तळवा ठेवला, आतून बाहेर फिरवला. मग उजव्यावर. दोन्ही सारखे लागले. मीच सारखे करून ठेवले होते. मग स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले, “मंग माझाच हात वाईट. ती मिरीची पोर माझ्या हातानं गेली.”

मी तिथे उभी होते. तोंड उघडून मी म्हटलं, “असं मनाला लावून घेऊ नका.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी लायसन माझ्या टेबलावर ठेवलं. लढाईत ड्रायव्हर मिळत नव्हते, कोणीही त्यांना कामावर घेतलं असतं. ते कोणाकडे गेले नाहीत. ते पाथर्डीला घरी गेले आणि पुन्हा कुठल्याही गाडीच्या चाकाला त्यांनी हात लावला नाही. मोटारीत बसायचेही नाहीत, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. नगरला यायचं तर चालत येत, नाहीतर बैलगाडीने.

स्वराज्य आलं त्यानंतरच्या थंडीत ते आजारी असल्याचं कळलं. मी निघाले तेव्हा चिठ्ठीवर चार गोष्टी होत्या. घोंगडी देणे. छातीचं औषध देणे. बायकोला पथ्य समजावणे. मामांना सांगणे. तीन झाल्या. चौथीसाठी मी खाटेशेजारी बसले. त्यांना बोलताना धाप लागत होती. ते म्हणाले, “बाई, तुमी गाडी चालवायची सोडाय नको व्हती. तुमचा हात चांगला व्हता. माझ्यापरीस चांगला.”

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि निघाले. आठ दिवसांनी ते गेले.

उन्हाळ्यात कमिटीने गाडी विकायचं ठरवलं. विकण्याआधी गावातल्या दुसऱ्या एका मिस्त्रीकडे दाखवायला नेली, सोबत मी. तो खाली सरपटला आणि हसतच बाहेर आला. मागचा अॅक्सल वाकलाय म्हणाला, किती वर्षांचा दिसतोय, कसं कोणी पाहिलं नाही? अर्ध्या दिवसात त्याने तो सरळ केला. अर्ध्या दिवसात.

हात पुसत तो म्हणाला, “कुनीतरी मोरीवरनं हानली हुती बाई ही. ड्रायव्हर येडा असंल एखादा.”

मामा जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. गाडी विकली जाणार होती. मला आता कोणाची भीती नव्हती, काही गमवायचंही नव्हतं. समोर एक अनोळखी माणूस, त्याला मामांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. त्याच्यापुढे खरं बोलायला काय लागलं असतं?

मी म्हटलं, “असेल.”