पोट साफ

आयटीत तेव्हा माझं काम टेस्टरचं होतं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. ती सवय ऑफिसात ठेवून घरी येणं मला कधी जमलं नाही. बाबांच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी कसबा पेठेजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात राहिले, तेव्हा पहिल्याच दिवशी शेजारची खाट मला संशयास्पद वाटली.

खाटेवर यवतमाळकडचे एक निवृत्त मास्तर होते. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. मुलगा हिंजवडीत नोकरीला, बिऱ्हाड धायरीत. डबा तिथूनच यायचा. धायरीत टँकरचं पाणी पितात हे मी ऐकून होते, तेवढ्यावर त्या डब्याचा निकाल लावून मोकळी झाले.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात कुजबुज झाली, की वरच्या मजल्यावर जुलाबाची साथ आहे. बाबा सत्त्याहत्तरचे, टाके ओले, अंगात पाणी टिकलं नाही तर काय होईल या विचारानं माझी झोप उडाली. मी दाराजवळच्या बाकावर बसायचे, दोन्ही खाटा पडद्याआड, आणि पडद्यापलीकडून मास्तरांच्या रबरी चपला सारख्या संडासाकडे फटफटत जात होत्या. मी पेपरच्या कडेला रेघा मारायला घेतल्या.

"बाई, काय लिहून राहिल्या हो?" मास्तरांच्या बायकोनं विचारलं.

"शब्दकोडं," मी म्हणाले.

बाबांच्या पोटाबद्दल मला शंका नव्हती. सिस्टर रोज सकाळी विचारायच्या, "आजोबा, पोट साफ झालं का?" आणि बाबा शाळेत पहिला नंबर आल्यासारखे सांगायचे, "अगदी साफ!" सिस्टर कागदावर खूण करून पुढे.

दुपारपर्यंत सात रेघा झाल्या. मी डॉक्टरांना पॅसेजमध्येच गाठलं. "वॉर्डात कुणाला जुलाब लागले, तर रिपोर्ट येईपर्यंत थांबणार आहात का?"

"मुळीच नाही," ते म्हणाले. "दिवसात तीन पातळ झाले, की आधी वेगळी खोली, मग तपासणी. रिपोर्टची वाट बघितली तर सगळा वॉर्ड आजारी पडेल. कोण आहे?"

मी विजयी मुद्रेनं पडदा सरकवला. मास्तर खाटेवर बसले होते.

"जुलाब?" ते म्हणाले. "डॉक्टरसाहेब, मी तर परवापासून गेलोच नाही! तेच तर सांगून राहिलो सिस्टरला."

एवढ्यात संडासाचं दार उघडलं. फट, फट, फट. भिंतीला धरून बाबा आले. पायात मास्तरांच्या चपला.

"माझ्या नव्या आहेत," बाबा म्हणाले. "संडासात कशाला खराब करायच्या?"

"आजोबा, आज किती वेळा?" डॉक्टरांनी विचारलं.

"मोजायचं काय त्यात? पोट एकदम साफ होतंय. एरवी इसबगोल घेऊनही होत नाही."

आमच्या घरात साफ पोट म्हणजे कर्तबगारी. ती जास्त झाली तर तक्रार करावी, हे बाबांना सुचणं शक्यच नव्हतं. आणि मला विचारणं सुचलं नव्हतं.

दहा मिनिटांत बाबा कोपऱ्यातल्या खोलीत गेले. त्यांचा संडास वेगळा, आत जाणाऱ्यानं गाऊन घालायचा, बाहेर येताना साबणानं हात धुवायचे. मास्तरांच्या चपला सिस्टरांनी पिशवीत घालून नेल्या. मास्तरांवर दोन दिवस लक्ष ठेवायचं ठरलं. त्यांना काही झालं नाही. पण ते दोन दिवस त्यांच्या बायकोच्या नजरेसमोरून जाताना मला पॅसेज फार लांब वाटायचा. शेवटी माफी मागितली. "असू द्या," ती म्हणाली, "तुमचं शब्दकोडं तर सुटलं."

सलाइन चढली, बाबांच्या डोळ्यांत तेज आलं. शेवटच्या जुलाबानंतर पूर्ण दोन दिवस गेल्याशिवाय बाहेर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबा एकटेपणाला कंटाळले होते.

"परवा रात्रीपासून बंद आहे," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. "आज रात्री सोडा मला."

"काल संध्याकाळी एकदा झालंय," मी म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत ठेवा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "बापावर विश्वास नाही?"

"नाही," मी म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडावर हे पहिल्यांदाच.

मग बाबा डॉक्टरांना म्हणाले, "हिचं लिहून घ्या."