मागची पाटी

मकरंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी अलिबागच्या बाजारात मासळीचा भाव करत होते. धाकटा भाऊ ऑफिसच्या कामाला मुंबईला गेलाय, एवढंच मला ठाऊक. फोन त्याच्या मित्राचा होता, इस्पितळातून. किती महिने उपचार चालले होते हे मला परक्या माणसाकडून कळलं... अजून राग जात नाही बघा.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटवणारे प्रोग्राम तो लिहायचा. ड्रायव्हर म्हणतात त्यांना. किहीमच्या घरी ओटीवर बसून काम. मी चिडवायची, "ड्रायव्हर ना तू? मग गाडी तरी शीक!" एकदा हसत त्याने आईच्या दोन पाट्या आणल्या. आईला मुळीच ऐकू येत नाही, म्हणून तो तिच्याशी पाटीवर लिहून बोले.

"ताई, पडदा पुढची पाटी वाचतो, वरून खाली, एकेक ओळ. तोवर नवं चित्र मी मागच्या पाटीवर काढायचं. पुरं झालं की पाट्यांची अदलाबदल."

"वाचता वाचता बदललीस तर?"

"चित्र फाटतं. वर नवं, खाली जुनं. म्हणून वाचून होईपर्यंत थांबायचं."

"आणि मागचं पुरंच झालं नाही तर?"

"मग जुनंच दिसत राहतं."

आईशीही तो तस्साच वागे. पाठमोरा होऊन लिही, आणि तिने वाचून मान वर केली की मगच दुसरी पाटी पुढे करी. अर्धं अक्षर कधी दाखवलं नाही त्या माउलीला. दिवाळीनंतर तो खंगत चालला तेव्हा मी खोदून खोदून विचारलं. "तपासण्या पुऱ्या होऊ देत ताई, मग सगळं एकदम सांगतो." अरे मेल्या, माणसं काय पडदा असतात? अर्धं सांगितलं असतंस तरी उशाशी बसले असते की रे तुझ्या!

आईला पाटीवर लिहून सांगायची वेळ आली नाही. माझा चेहरा बघूनच ती समजली.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. ओटीवरच्या खुंटीला त्याने मुंबईला जाताना लिहिलेली पाटी तशीच आहे, 'आई, संध्याकाळच्या बोटीने येतो. जेवून घे.' परवा मी दुसरी पाटी घेऊन 'जेवायला चल' लिहायला बसले, तर आईने माझा हात धरला.

"ती ठेव मागं," म्हणाली. "त्याचीच दिसू दे."

आता मी तिला खुणेनेच बोलावते. पण बोटीची वेळ टळून जाईपर्यंत ती पानावर बसत नाही.