खांबेट्यांचा छत्रीवाला

शरदचंद्र खांबेटे पहिल्यांदा त्या बागेत शिरले तेव्हा चेन्नईतल्या मैलापूरचे कावळे उडाले, बाकाखालची मांजरं भिंतीवर चढली आणि चित्रकारांची एक अख्खी पिढी झुडपात गेली. एका मुलाने घाबरून खोडरबर गिळला म्हणतात. ज्याने गुलाबी विग घातला होता त्याने तो पिशवीत कोंबला आणि पिशवीवर बसला. दोन मुली एकाएकी मोठमोठ्याने इंटिग्रेशनची गणितं सोडवू लागल्या.

यात त्या पोरांची काही चूक नव्हती. महिन्यातून एका रविवारी सकाळी ही मंडळी बागेत जमायची. ऍनिमे, म्हणजे जपानी कार्टूनं, हे त्यांचं वेड. आवडत्या पात्रांची हाताने काढलेली चित्रं आणायची, गोलात बसून फिरवायची आणि एकमेकांच्या चुका काढायच्या, असा कार्यक्रम. त्या गोलाच्या दिशेने पूर्ण बाह्यांचा, पँटीत नीट खोचलेला शर्ट, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र, दोरीला अडकवलेला चष्मा, पायांत लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज आणि काखेत बॉक्स फाइल असा चोपन्न वर्षांचा गृहस्थ ताडताड चालत आला. बाप या प्राण्याची सगळी लक्षणं एकाच माणसात. प्रत्येकाला वाटलं, आपलेच आले.

खांबेटे मधोमध थांबले, खाकरले आणि डॉक्टरांसमोर सिगारेटची कबुली द्यावी तशा आवाजात म्हणाले, "मी पण काढतो."

खांबेटे हे श्रीपेरुंबुदूरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीचे साहेब. कारखान्याचा माल जपानी गाड्यांत जायचा, त्यामुळे वर्षातून दोनदा जपानी तपासनीस यायचे. ते मालाकडे बघायचे, एकमेकांत हळूच काहीतरी कुजबुजायचे आणि जायचे. त्या कुजबुजीने खांबेट्यांची झोप उडायची. शेवटी ती कळावी म्हणून ते जपानी शिकायला निघाले, आणि मुलगी तनया शिकायला पुण्याला जाताना टीव्हीवर जी कार्टूनं लावून गेली होती तीच बघू लागले. त्यात निळ्या केसांचा एक पोरगा होता. तो छत्रीने राक्षस मारायचा. वर्षभर खांबेट्यांनी छत्रीवाल्याची संथा घेतली. पुढच्या भेटीत त्यांनी थोरल्या तपासनिसांचं अस्खलित जपानीत स्वागत केलं. राक्षसाच्या अंगावर छत्री उघडण्यापूर्वी तो पोरगा जे म्हणतो, नेमकं तेच. तपासनीस दोन पावलं मागे सरकले. कुजबुजही त्या दिवशी खांबेट्यांना प्रथमच कळली. 'कॉफीत साखर फार आहे,' असं ते म्हणत होते.

जपानी तिथेच सुटली. छत्रीवाला सुटला नाही. तांबरमहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या खांबेटे त्याला कागदावर उतरवू लागले. सुरुवातीच्या चित्रांत वाटेतला मणिमंगलमचा रस्ता खड्ड्यांसकट उमटला आहे.

चित्रं झाली की ते ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे. तिथे फुलं यायची, जोडलेले हात यायचे, 'छान' यायचं. सांगलीच्या मेव्हण्याने एकदा आस्थेने विचारलं, "हे कुठल्या देवस्थानचे?" खांबेटे तळमळायचे. तीस वर्षं या माणसाने दुसऱ्यांच्या मालाला स्टिकर लावले होते. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे बाद, पिवळा म्हणजे खोट आहे पण गिऱ्हाइकाला चालणार आहे. इतक्या वर्षांत स्वतः त्यांनी एक स्क्रूही बनवलेला नव्हता. आता आयुष्यात प्रथमच स्वतःच्या हाताने काहीतरी बनवलं, तर ते तपासायलाच कोणी नाही! नुसतं 'छान'! छान हा काय शेरा झाला?

म्हणून ते बागेत आले होते.

गोलाची म्होरकी होती श्रीनिधी. बाविशीची पोरगी, अंबत्तूरच्या एका ऍनिमेशन ऑफिसात डोंगर आणि ढग रंगवायची. घराणं तंजावरचं, त्यामुळे मराठी बोलायची ती तीनशे वर्षांपूर्वीची, वरून तमिळ हेल. ओळखपत्रावरचं आडनाव वाचून ती थेट मराठीत शिरली. बॉक्स फाइलमधली सगळी चित्रं तिने एकेक करून पाहिली. पुन्हा पाहिली.

"अंकल, ह्याचे हात कुठे आहेत?"

"हा एक खिशात आहे," खांबेटे म्हणाले.

"आणि हा?"

"पाठीमागे."

"ह्या चित्रांत?"

"झुडपाच्या आड."

"आणि ही छत्री कोणी धरली आहे, अंकल? झुडपाने?"

सगळा गोल हसला. खांबेट्यांचा चेहरा मात्र असा उजळला की हसणारी पोरं गप्प झाली. चोपन्न वर्षांत प्रथमच त्यांना कोणीतरी नियमाने बाद केलं होतं. दुसऱ्यांना हे सुख आपण इतकी वर्षं फुकट वाटत आलो, हे आठवून त्यांना त्या दुसऱ्यांचा पहिल्यांदा हेवा वाटला.

"जानेवारीत नंदंबाक्कमला ऍनिमेवाल्यांचा मेळा आहे," श्रीनिधी म्हणाली. "तिथे आमचं एक टेबल असतें. एकेकाचं एक चित्र, खाली त्याचं नांव. हात काढून आणा. चांगलं जालं तर लावूं."

नाव! खांबेट्यांच्या डोळ्यांपुढे ते टेबल उभं राहिलं. त्यांनी बनवलेली वस्तू, तिच्याखाली त्यांचं नाव, आणि समोर उभं राहून ती बघणारी माणसं. त्या दिवसापासून खांबेटे या टेबलासाठी जगू लागले.

गटाचा नियम असा, की चित्र आधी ऑनलाइन टाकायचं आणि प्रत्येकाने काय सुधारावं ते लिहायचं. साधी गोष्ट. पण खांबेट्यांच्या कारखान्यात गिऱ्हाइकाची तक्रार आली की ती बंद करावीच लागते. मूळ कारण शोधायचं, उपाय करायचा, आधीचा आणि नंतरचा फोटो जोडायचा, कळवायचं. तक्रार उघडी ठेवणं हे त्यांच्या लेखी ताट उष्टं टाकण्यासारखं. त्यामुळे आशिष नावाच्या एका बिचाऱ्याने येता जाता 'अजून जरा उजळ चालेल' असं लिहिलं, तर सोमवारी सकाळी त्याला ईमेल. 'आपल्या तक्रारीचे मूळ कारण : पेन्सिल बोथट, बसमध्ये उजेड अपुरा. उपाय : खिडकीची जागा पकडली. कृपया तक्रार बंद झाल्याचे कळवावे.' आशिषने घाबरून कळवलं. त्यानंतर तो कोणाच्याच चित्राबद्दल काही लिहीनासा झाला.

बाकीचे लिहीत राहिले, आणि तिथे घोटाळा झाला. एकीने लिहिलं, डोळे मोठे करा. दुसऱ्याने लिहिलं, डोळे लहान करा. खांबेट्यांनी एक मोठा केला, एक लहान. पार्श्वभूमी रिकामी वाटते अशी तक्रार आली, तिथे त्यांनी पूल, होडी आणि मंदिर घातलं. गर्दी झाली अशी तक्रार आली, त्यावर होडी बुडवली. केस अर्धे वाऱ्यावर, अर्धे तेल लावून चापून. डिसेंबरच्या बैठकीत त्यांनी विजयी मुद्रेने कागद पुढे केला. एकही तक्रार उघडी नव्हती.

श्रीनिधीने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"अय्यो अंकल, हा कोण?"

"छत्रीवाला. सगळ्यांनी सांगितलं ते सगळं केलं."

"कां केलं?"

"म्हणजे? सांगितलं ना!"

"उरलेली सगळी भाजी सांबारात टाकली तर त्यास सांबार म्हणत नाहींत, अंकल." सांबार आमच्याच पूर्वजांनी काढलं, असा तिच्या घराण्याचा दावा होता, त्यामुळे या विषयावर तिच्यापुढे बोलायची कोणाची छाती नव्हती. "ऐका. नवं काढा. ऑनलाइन टाकूं नका. कोणास दाखवूं नका. फोटोसुद्धा काढूं नका, तुमचा भरंवसा नाहीं. हात नीट करा. बाकी जें चुकेल तें चुकूं द्या, आणि तसंच आणा."

"चूक दिसतेय तरी तशीच?"

"तशीच."

खांबेटे घरी आले ते चार दिवस ताप उतरलेल्या माणसासारखे हिंडत राहिले. मग त्यांना पिवळा स्टिकर आठवला. खोट आहे, पण गिऱ्हाइकाला चालणार आहे. त्यांच्या धर्मात हे बसत होतं! त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोला बैठकीच्या खोलीत पंख्याखाली उभं केलं आणि तिच्या हातात उघडी छत्री दिली.

हेमलताबाई तांबरमच्याच एका बँकेत होत्या. दिवसभर काउंटरवर लोकांची तोंडं बघून आलेल्या.

"दांडा असा नको, हेमा. राक्षस समोर आहे असं समजून धर."

"समजायचं कशाला? समोरच तर बसलाय."

"मूठ घट्ट. अजून घट्ट."

"अहो, दांडा धरायचाय की तुमचा गळा? कुकर लावायचाय मला."

एवढ्यात शेजारच्या विजयलक्ष्मी मामी वाटी परत करायला आल्या. पंखा चालू, वर छप्पर शाबूत, आणि हेमलताबाई डोळे वटारून छत्रीखाली. मामींनी छताकडे बघितलं, खांबेट्यांकडे बघितलं, वाटी हळूच टेबलावर ठेवली आणि गळतीचा प्लंबर त्यांच्या ओळखीचा आहे असं सांगून गेल्या.

हात मात्र आले! बोटं बोटांसारखी, मूठ मुठीसारखी. खांबेट्यांनी कागद लांब धरला, पट्टी काढली आणि त्यांचं तोंड पडलं.

"अंगठा लांब आलाय."

हेमलताबाईंनी छत्री मिटली आणि हात त्यांच्या नाकासमोर धरला. "माझा अंगठा लांबच आहे. सव्वीस वर्षं झाली लग्नाला. आज दिसला?"

खांबेट्यांनी पट्टी तिच्या अंगठ्याला लावली. मग कागदावरच्या. मग पुन्हा तिच्या. "चित्रकलेच्या पुस्तकातल्या प्रमाणात बसत नाही," ते पुटपुटले.

"मग पुस्तकाशी लग्न करायचं होतं."

खोडरबर त्यांच्या हातात होता. पुस्तकही उघडं होतं. बराच वेळ ते दोन्हीकडे बघत बसले, आणि मग त्यांनी खोडरबर डबीत टाकून झाकण लावलं. चित्राच्या पाठीवर पिवळा स्टिकर चिकटवला.

श्रीनिधीने मेळ्याच्या दारातच चित्र पाहिलं. आत नेऊन टेबलाच्या मधोमध लावलं आणि खाली नाव लिहिलं. शरदचंद्र खांबेटे, ठळक अक्षरांत.

मेळ्याला निम्मं चेन्नई आलं होतं आणि त्यातल्या निम्म्यांच्या पाठीवर पुठ्ठ्याच्या तलवारी होत्या. खांबेटे इस्त्रीच्या शर्टात चित्राशेजारी सावधान उभे, मागे हेमलताबाई. पहिलाच मुलगा थांबला, वाकला, म्हणाला, "सुपर, अंकल!"

"अंगठा लांब आहे," खांबेटे म्हणाले.

मुलगा गोंधळला. खांबेट्यांनी चित्र उलटं करून त्याला पिवळा स्टिकर दाखवला आणि त्याचा अर्थ समजावून सांगितला. मुलगा गेला. मग एक जोडपं आलं. त्यांनाही अंगठा, त्यांनाही स्टिकर. एका बाईंना त्यांनी खिशातली पट्टी काढून माप घेऊ दिलं. बारा वाजेपर्यंत अशी परिस्थिती झाली की लोक टेबलाला वळसा घालून जाऊ लागले.

"अंकल," श्रीनिधी दात आवळून म्हणाली, "तुम्ही जेवून या."

"भूक नाही."

"तरी जेवा. हळू जेवा. आंटी बसतील इथे."

हेमलताबाई बसल्या. खांबेटे गेले, दहीभात घेतला आणि तो अर्धा टाकून परत आले. टेबलावर सगळी चित्रं होती. मधली जागा तेवढी मोकळी होती. खाली त्यांचं नाव तसंच.

"हेमा! चित्र?"

"एक पोरगी आली होती. निळा विग, हातात छत्री. नुसती बघत उभी राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हलेचना. शेवटी मीच म्हटलं, घेऊन जा."

"देऊन टाकलंस?"

"तर काय करायचं होतं? घरी नेऊन अंगठा खोडलाच असतात."

खांबेटे खुर्चीवर बसले. मग उठले. दाराच्या दिशेने गर्दीत कुठे निळे केस दिसतात का ते बघितलं. निळ्या केसांची कमतरता नव्हती, पन्नासेक डोकी तरी निळी होती.

"काही म्हणाली ती?"

"सुपर म्हणाली."

"आणि अंगठ्याबद्दल?"

"काही नाही. तिची बस होती, धावत गेली."

खांबेट्यांनी फोन काढला. नातेवाइकांच्या ग्रुपवर आता टाकावं, मेव्हण्यालाही कळू दे, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांना आठवलं, की श्रीनिधीच्या सांगण्यावरून त्यांनी चित्राचा एकही फोटो काढलेला नव्हता. आणि अंगठ्याचं पुराण ऐकता ऐकता तो काढायला इतर कोणालाही सवड झाली नव्हती.